नरहरी या नावाविषयी दोन शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. किराण्याचा हिशेब ठेवावा, सणावाराला पोथी वाचावी, एवढेच. म्हणून भाषणाला उभी राहा असे अध्यक्षबाई म्हणाल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पण यंदा 'आपली जुनी नावे' हा विषय ठरला, आणि एका नावाविषयी मला खरेच काही सांगायचे आहे. ते नाव नरहरी. माझ्या थोरल्या मुलाचे.

आधी अर्थ सांगते. नर म्हणजे माणूस. हरी म्हणजे विष्णू, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण संस्कृतात हरी म्हणजे सिंह असाही अर्थ आहे. म्हणून नरहरी म्हणजे नरसिंह, प्रल्हादासाठी खांबातून प्रकट झालेला विष्णूचा चौथा अवतार. कीर्तनात दुसरा अर्थही सांगतात : नरांचे पापताप हरण करतो तो नरहरी. एकात गर्जना आहे, दुसऱ्यात माया आहे. नरहर, नरहरपंत, नरहरराव ही सगळी याच नावाची रूपे.

हे नाव आपल्या जिल्ह्याला परके नाही. मंगरूळपीरवरून पुढे गेले की आपले लाडांचे कारंजे. श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म तिथलाच. गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायात ती कथा आहे. बाळाचे जन्मनाव शाळग्रामदेव, पण हाक मारायचे नाव नरहरी. हे बाळ ओंकाराशिवाय काही बोलेना. सात वर्षांचे झाले तरी बोलेना. अंबामाता किती कष्टी झाली असेल! पुढे मुंज लागली, मातेने भिक्षा घातली, आणि मुलाच्या मुखातून वेद बाहेर पडले. नंतर काशीस जाऊन त्यांनी संन्यास घेतला व ते नृसिंह सरस्वती झाले. गंमत पाहा, नाव बदलले तरी अर्थ तोच राहिला.

माझ्या सासूबाईंची कारंज्याच्या गुरुमंदिरावर फार श्रद्धा. लग्नानंतर पाच वर्षांनी मला मुलगा झाला, तेव्हा नाव त्यांनीच ठरवले. बाराव्या दिवशी घुगऱ्या वाटल्या, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झाले, आणि आत्याने कानात नाव सांगितले. ते नाव त्या कानात पोचलेच नाही, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.

वर्ष झाले, दोन वर्षे झाली, मूल बोलेना. गल्लीतल्या बाया म्हणत, "नाव मुक्याचं ठेवलं, मंग पोट्टं मुकंच निघन, नाही तं काय?" कोणी म्हणे, न अक्षर वृश्चिक राशीचे, म्हणून असा हट्टी आहे, मुद्दाम बोलत नाही. सासूबाई म्हणत, "थांब सूनबाई, मुंजीला बोलेल." मला दोन्हीकडून घोर. सांगण्यास लाज वाटते, पण मी त्याला नावाने हाक मारायचेच सोडून दिले होते. नाव बदलावे म्हणून माहेरी भांडलेसुद्धा. नावाला दोष देण्यात दोन वर्षे गेली.

अंगणवाडीच्या ताईंनी एकदा त्याच्या मागे ताट पाडून पाहिले. पोराने मान वळवली नाही. त्या म्हणाल्या, "याचे कान तपासा." अकोल्याला नेले. डॉक्टरांनी सांगितले, ऐकू फार कमी येते. जे मूल ऐकत नाही ते बोलायला शिकणार कसे? मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. यंत्र बसवले, बोलण्याचे शिक्षण सुरू झाले. घरी आल्यावर त्याच्या पाठीमागे उभी राहून मी हाक मारली, "नरहरी!" तो वळला. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

आता तो वीस वर्षांचा आहे. आयटीआय करून विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याचा 'ह' अजून नीट उमटत नाही; आपले नाव तो 'नरअरी' असे सांगतो. स्वभाव म्हणाल, तर रागीट नाही, हट्टीही नाही. आईवर गेला आहे असे मी म्हणते, बाकीचे हसतात.

नावावरून स्वभाव ठरतो का, याचा मी पुष्कळ विचार केला. पंढरीचे नरहरी सोनार कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचा करगोटा घडवतानाही त्यांनी डोळ्यांना पट्टी बांधली होती, आणि शेवटी हरिहर एकच हे त्यांनाच उमगले. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर, जन्म १९३२ चा, व्याख्यानांसाठी महाराष्ट्रभर गाजले. १९८२ साली औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा प्राण गेला. कारंज्याचा बालक मौनी, पंढरीचा सोनार हट्टी, कुरुंद्याचा विचारवंत वाणीचा धनी, आणि आमचा मोटारी दुरुस्त करणारा. नाव एक, माणसे चार. तेव्हा नाव स्वभाव घडवत नाही आणि रोगही आणत नाही. नाव म्हणजे वडीलधाऱ्यांनी मुलाला दिलेला आशीर्वाद. बाकीचे काम आईबापांचे.

म्हणून लेकीसुनांना माझे एवढेच सांगणे. बारशाला कानात नाव जरूर सांगा, पण ते कानात पोचते का तेही पाहा. तान्ह्या बाळाचे कानसुद्धा आता यंत्राने तपासता येतात. वर्षाचे मूल हाकेला वळले पाहिजे. वळत नसेल तर मुंजीची वाट पाहू नका, शेजारणीचे ऐकू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. अंगणवाडीत पथक येते तेव्हा मुलाला घरी ठेवू नका.

अंबामातेला सात वर्षे थांबावे लागले. तिचा मुलगा अवतारी होता. आपली मुले साधी आहेत, भगिनींनो. त्यांच्यासाठी आपणच धावले पाहिजे.