रसेल यांचे पत्र



जे मुळातच विसंगत आहे, ते खरोखर समजू शकते का? जिथे मेळच नाही तिथे समजायचे काय, असे म्हणून पुष्कळजण हा प्रश्न निकालात काढतात. मला ते पटत नाही. का, ते सांगायला तुम्हाला १९०२ सालच्या जर्मनीत, येना शहरात नेतो.

तिथल्या विद्यापीठात गोट्लोप फ्रेगे गणित शिकवत. अंकगणित निव्वळ तर्काच्या पायावर उभे करायचे, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ मध्ये निघाला होता, दुसरा छापखान्यात होता. अशात तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे १६ जूनचे पत्र आले. पत्रात कौतुक होते, अडचण एकाच ठिकाणी होती. ती अशी समजून घेता येईल.

चमच्यांचा संच हा काही चमचा नसतो, म्हणून तो स्वतःचा घटक नाही. पण चमचे नसलेल्या सगळ्या गोष्टींचा संच घ्या. तोही चमचा नाहीच, म्हणजे तो स्वतःचाच घटक ठरतो. आता जे संच स्वतःचे घटक नाहीत, त्या सर्वांचा मिळून एक संच करा. हा स्वतःचा घटक आहे का? आहे म्हणावे तर नाही ठरतो, नाही म्हणावे तर आहे! फ्रेगेंच्या पाचव्या मूलनियमाने अशा संचाला वाट मोकळी होती. आणि त्यांच्या तर्कपद्धतीत एक विसंगती शिरली की एक बरोबर दोन हेसुद्धा सिद्ध होते.

मग इतकी वर्षे फ्रेगेंना काही समजतच नव्हते का? समजत होते, आणि पुष्कळ. रसेलना नेमक्या जागी बोट ठेवता आले, कारण फ्रेगेंनी प्रत्येक गृहीतक, प्रत्येक पायरी लख्ख मांडली होती. मोघम लिहिणाऱ्याला असे पत्र कुणी लिहूच शकत नाही. विसंगत विचार अखंड मनात उभा राहत नाही, हे खरे. पण त्यातले काय कशाशी जुळते, कोणती दोन विधाने एकत्र आली की तो मोडतो आणि मोडल्यावर काय उरते, हे कळू शकते. मी याला समजणेच म्हणतो. आपल्याला समजले आहे ही खात्री मात्र पुरावा नव्हे. ती तर फ्रेगेंनाही होती.

त्यांनी २२ जूनला उत्तर लिहिले आणि हादरल्याचे मोकळेपणी मान्य केले. दुसऱ्या खंडाला परिशिष्ट जोडून ती विसंगती त्यांनी स्वतः वाचकांपुढे ठेवली. तिथे सुचवलेली दुरुस्ती पुढे टिकली नाही, तरी ते परिशिष्ट मला मूळ ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते.

मग मोडल्यावर उरले काय? दोन गटांतल्या वस्तूंची एकास एक जोडी लागली की त्यांची संख्या समान, हे तत्त्व फ्रेगेंच्याच १८८४ च्या पुस्तकात आहे. पाचवा नियम बाजूला ठेवूनही या तत्त्वावर अंकगणित उभारता येते, असे तत्त्वज्ञ क्रिस्पिन राइट यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात मांडले. तुमच्यापैकी जे संशोधनाकडे वळणार आहेत, त्यांनी ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून जरूर वाचावीत.