कमरेतील सुई आणि आमची वृद्ध मंडळी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. आमचे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले, व आमची विद्या मॅट्रिकपाशी थांबली. तरीही कार्यकारी मंडळाने हा विषय आमच्या गळ्यात घातला, याला कारण आहे. वैद्यकीय साहाय्य निधीकडे कमरेत टोचावयाच्या सुईसाठी अर्ज येऊ लागले आहेत, आणि काही अर्ज तर तिसऱ्या सुईचे आहेत. निधी सर्वांच्या वर्गणीचा, दुखणे मात्र ज्याचे त्याचे. तेव्हा ही सुई काय करते व काय करीत नाही, हे जाणून घेणे अगत्याचे झाले.

साठी उलटलेला एखादा गृहस्थ देवळापर्यंत एका दमात जाऊ शकत नाही. पायांत मुंग्या येतात, पोटऱ्या भरून येतात. पारावर घटकाभर बसला, की पुन्हा चालू लागतो. नवल असे, की हाच गृहस्थ सायकलीवरून सारे गाव पालथे घालतो! घरच्यांना वाटते, म्हातारा ढोंग करतो. ते ढोंग नव्हे. कण्याच्या मधल्या नळीतून पायांकडे जाणाऱ्या ज्ञानतंतूंच्या मुळ्या खाली उतरतात. वय वाढते तशा मणक्यांमधील चकत्या झिजतात, सांधे फुगतात, आतील बंध जाड होतात आणि नळी अरुंद होते. ताठ उभे राहिले की ती अधिक आवळते. पुढे वाकले की थोडी मोकळी होते. सायकलीचे गूढ ते एवढेच. पायांच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असतील तर नुसते उभे राहूनही आराम पडतो. येथे मात्र बसावे किंवा वाकावे लागते. हा भेद डॉक्टरांना अवश्य सांगावा. या व्याधीचे सविस्तर वर्णन हॉलंडमधील शल्यविशारद हेंक फेरबीस्ट यांनी १९५४ साली केले.

आता सुईकडे वळू. तंतूंच्या वेष्टनाबाहेरील पोकळीत बधिर करणारे औषध व स्टेरॉइड सोडतात. या उपायास एपिड्यूरल म्हणतात. स्टेरॉइड सूज उतरविते. पण हाड झिजवून नळी रुंद करण्याची शक्ती कोणत्याही सुईत नाही, हे आपण पक्के ध्यानात धरावे.

अमेरिकेत या उपायाची मोठी परीक्षा झाली व तिचा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेले ४०० रोगी घेतले. निम्म्यांना लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर स्टेरॉइड दिले, निम्म्यांना नुसते लिडोकेन. कोणाला काय दिले हे रोग्यास ठाऊक नव्हते आणि टोचणाऱ्या डॉक्टरासही नव्हते. परीक्षक असा असावा! तिसऱ्या आठवड्यास स्टेरॉइडवाल्यांचे पारडे किंचित जड होते. सहाव्या आठवड्यास दोन्ही गटांना पूर्वीपेक्षा बरे वाटत होते, पण त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. म्हणजे आराम पडतो हे खोटे नाही; तो स्टेरॉइडमुळेच पडतो हे मात्र सिद्ध झाले नाही. विद्वानांत अद्याप मतभेद आहेत, व काही डॉक्टर ही सुई विचारपूर्वक देतात. त्यांस आम्ही दोष देत नाही. वेदनेने रात्र रात्र जागणाऱ्यास तीन आठवडेही थोडे नसतात.

धोके विरळ आहेत, पण आहेत. २०१२ साली अमेरिकेत एका कारखान्यातील स्टेरॉइडच्या कुप्यांत बुरशी शिरली आणि ७५०हून अधिक माणसे आजारी पडली; साठांवर दगावली. २०१४ साली तेथील औषध-नियंत्रण खात्याने पक्षाघात व दृष्टिनाश यांसारख्या विरळा पण भयंकर परिणामांविषयी इशारा दिला. आपल्या मंडळींत मधुमेह घरोघरी आहे, म्हणून हेही सांगतो : सुईनंतर काही दिवस साखर चढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगावे. आपल्याच मनाने त्या बंद करू नयेत. आणि लघवी अडली वा तिचा ताबा सुटला, बैठकीचा भाग बधिर झाला, पायातले बळ झपाट्याने गेले, तर सुईची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

एरवी मात्र घाई नसते. पुष्कळांची स्थिती वर्षानुवर्षे आहे तशीच राहते. व्यायाम जाणकारांकडून शिकावा, काठी घेण्याची लाज धरू नये. चालणे अगदीच खुंटले तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

निधीपुरती आमची सूचना अशी आहे. पहिल्या सुईस साहाय्य द्यावे. पुढील अर्जासोबत मात्र, आधीच्या सुईपूर्वी रोगी न थांबता किती चालत होता, नंतर किती चालू लागला आणि तो आराम किती दिवस टिकला, हे डॉक्टरांकडून लिहून आणावे. आराम टिकला नसेल, तर तेच पैसे व्यायामोपचारासाठी द्यावे. हा ठराव आम्ही सभेपुढे मांडीत आहोत.