मागच्या चाकावरचा तोल

मोटारसायकलचे पुढले चाक अधांतरी उचलून ती केवळ मागच्या चाकावर चालविणे, या कसरतीला ‘व्हीली’ म्हणतात. पाहणाऱ्यास हा सारा इंजिनाच्या बळाचा प्रताप वाटतो. वस्तुतः ही विद्या बळाची नसून तोलाची आहे, आणि लहान इंजिनाच्या गाडीवर हे विशेष प्रत्ययास येते.

2008 साली भारतात आलेली यामाहाची आर-15 ही अशीच एक गाडी. तिचे इंजिन सुमारे दीडशे घनसेंटिमीटरचे. पुढले चाक उठावयाचे तर मागच्या चाकाच्या रेट्याने गाडी व स्वार यांच्या एकत्रित वजनावर मात केली पाहिजे. मोठ्या इंजिनाला हे मूठ पिळताच साधते. दीडशेच्या इंजिनाला सहसा साधत नाही. म्हणून शिकणारा पहिल्या गिअरमध्ये, माणूस धावेल इतक्या वेगाने जाताना क्लच ओढतो, इंजिनाचे फेरे वाढवितो आणि क्लच चटकन सोडतो. फिरत्या इंजिनात साठलेला जोर एकदम चाकाकडे जातो. त्याच क्षणी दबलेला फोर्क वर उसळत असेल, तर चाक सहज उठते.

तथापि चाक उचलणे हा दुसरा धडा होय; पहिला धडा ते खाली आणण्याचा. चाक उंच जाता जाता एक क्षण असा येतो की, गाडीचा व स्वाराचा गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या बरोबर वर येतो. त्यापलीकडे गेलेली गाडी मूठ सोडूनही बहुधा परत येत नाही. ती स्वारासह मागे उलटते. तेथे तारणारा एकच, उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक. तो हलकेच दाबताच मागचे चाक मंदावते व पुढले खाली झुकते. यासाठी आरंभी चाक वीतभरच उचलावे आणि प्रत्येक वेळी ब्रेकनेच उतरवावे. पाय विचारावाचून आपले काम करू लागला, की मगच उंची वाढवावी.

उतरतानाही हँडल सरळ हवे, आणि पुढला ब्रेक दाबलेला नसावा. थांबलेले चाक जमिनीला टेकताच घसरते. चाक वारंवार आपटले तर फोर्कचे सील व हँडलचे बेअरिंग खराब होतात. गाडी फार वेळ उभी राहिली तर वंगणतेल मागे सरून इंजिन कोरडे पडण्याचा संभव असतो.

1991 साली यासुयुकी कुडो या जपानी स्वाराने होंडाच्या टीएलएम 220 आर या लहान गाडीवर, एका चाकाने, न थांबता 331 किलोमीटर अंतर कापले. हा पराक्रम बळाचा खचित नव्हे. तो घडला तोही रहदारीच्या रस्त्यावर नव्हे, तर मोटार-संशोधन संस्थेच्या बंदिस्त चाचणीपथावर.

आपल्याकडे मात्र ही हौस भर रस्त्यात फेडली जाते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 184 व्या कलमान्वये धोकादायक वाहन चालविण्यास दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. पण कायदा दूर ठेवला, तरी विचार हाच उरतो: पुढले चाक हवेत असताना गाडीला वळण घेणे वा झटकन थांबणे कठीण, आणि समोरून शाळकरी पोर आले तर त्याचा दोष काय? ज्याला शिकावयाचे आहे त्याने मोकळे, बंदिस्त मैदान, जाणता शिक्षक, हेल्मेट, हातमोजे व पाठीचे कवच एवढे आधी मिळवावे. चाक त्यानंतर उचलावे.