धसका का जात नाही



ट्रकचा एअरब्रेक 'फुस्स' करून सुटतो आणि फुटपाथवरून चाललेल्या एखाद्या बाईच्या हातातली पिशवी खाली पडते. अपघाताला चार वर्षं झालेली असतात. हाड केव्हाच जुळलेलं असतं, कोर्टकचेरीही संपलेली असते. घरची माणसं मायेनंच म्हणतात, "अगं, किती दिवस तेच धरून बसणार? काढून टाक मनातून." आज मला सांगायचंय ते हे, की असं काढून टाकणं मेंदूला जवळजवळ जमतच नाही.

कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा पेशींचा एकेक पुंजका असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये जोसेफ लेडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्याचं काम उलगडलं. प्रयोग दिसायला साधा आहे. उंदराला एक सूर ऐकवायचा आणि तो संपता संपता पायाखालच्या जाळीतून विजेचा हलका झटका द्यायचा. दोनचारदा असं झालं की नुसता सूर ऐकूनही उंदीर जागच्या जागी थिजतो. चारही पाय रोवलेले, मान ताठ, हलतात त्या फक्त श्वासाबरोबर बरगड्या. मध्ये काहीच केलं नाही, तर कित्येक महिन्यांनी सूर ऐकवला तरी तीच गत होते.

त्या दोनचार वेळांत आत काय घडतं? सुराची वर्दी आणि झटक्याची वर्दी अमिग्डलातल्या एकाच पेशीवर येऊन पोचतात. वर्दी पोचवणारं रसायन म्हणजे ग्लुटामेट. पेशीच्या पृष्ठभागावर एनएमडीए नावाचे रिसेप्टर असतात आणि त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. नुसत्या सुरानं ते बूच हलत नाही. पण त्याच वेळी झटक्याची वर्दी आली, की पेशीतला विद्युतदाब बदलतो, मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं आणि कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम शिरलं की काही एन्झाइम जागी होतात, दोन पेशींमधल्या त्या जोडावर ग्लुटामेट टिपणारे जास्त रिसेप्टर येऊन बसतात. पुढच्या काही तासांत पेशीच्या केंद्रातली जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं तयार होतात आणि तो जोड पक्का होतो. आता झटक्याची गरजच उरलेली नसते. त्यात प्रसंग जीवावरचा असला की नॉरॲड्रेनलिनही सुटतं आणि ही नोंद आणखी ठसठशीत होते.

म्हणजे भीती ही तिथल्या पेशींच्या रचनेतच झालेला बदल असते. "घाबरण्यासारखं काही नाही, हे मला कळतं हो, पण छातीत धस्स होतंच," असं माणसं सांगतात, तेव्हा ती अगदी खरं बोलत असतात. 1995 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा इथे मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांना ठरावीक रंग दाखवून त्यापाठोपाठ कर्कश भोंगा वाजवला गेला. ज्याचा अमिग्डला निकामी होता, त्याला कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे बिनचूक सांगता आलं, पण त्याच्या हाताला घाम फुटला नाही. ज्याचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे घटना लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग, निकामी होता, त्याला काहीच सांगता येईना, तळवे मात्र ओलावले. माहिती एका जागी राहते, धसका दुसरीकडे.

मग तो कमी कसा होतो? झटका न देता सूर पुन्हा पुन्हा ऐकवला, की उंदराचं थिजणं हळूहळू थांबतं. पण काही दिवस गेले, किंवा उंदराला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवलं, की भीती परत डोकं वर काढते. जी गेली असं वाटत होतं, ती तिथेच असते. मेंदूनं तिच्या जोडीला 'आता धोका नाही' एवढं नवीन शिकून घेतलेलं असतं. 2002 मध्ये मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी दाखवलं, की हे नवं शिकणं आठवताना उंदराच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या ठरावीक पेशी सक्रिय होतात. तिथून गाबा या रसायनामार्फत अमिग्डलाला आवर बसतो. मात्र हा आवर जागेशी बांधलेला असतो. डॉक्टरांच्या खोलीत शांत राहणारा माणूस रस्त्यावर पुन्हा घाबरतो, त्याचं कारण हेच. म्हणून भीतीला थोडं थोडं सामोरं जाण्याचा सराव वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी करावा लागतो.

ताणानं अमिग्डलाचं काय होतं, याबद्दल बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं, तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आक्रसतात आणि अमिग्डलातल्या पेशींच्या मात्र वाढतात. नंतर 21 दिवस विश्रांती दिली, की हिप्पोकॅम्पस सावरतो. अमिग्डलातली वाढ तशीच राहते. एकदाच दोन तास जखडलं, तर दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही, पण दहा दिवसांनी अमिग्डलातल्या पेशींवर नवे जोडबिंदू उगवलेले असतात. एखाद्या आपत्तीनंतर माणूस आठवडाभर धीरानं वावरतो आणि मग खचतो, तेव्हा 'तेव्हा तर बरा होता, आता का ढोंग करतोय' असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

आशेची एक वाट 2000 साली दिसली. करीम नादेर यांनी लेडूंच्याच प्रयोगशाळेत उंदरांना जुनी भीती एकदा आठवू दिली आणि लगेच अमिग्डलात प्रथिननिर्मिती रोखणारं औषध सोडलं. भीती चौदा दिवस मुरलेली होती, तरी ती ढासळली. आठवण काढली की ती काही तास सैल होते आणि नव्यानं बांधावी लागते, असा त्याचा अर्थ लावला गेला. 2009 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या मेरेल किंड्ट यांनी माणसांवर प्रयोग केला. कोळ्याच्या चित्राबरोबर झटका बसलेल्या विद्यार्थ्यांना ते चित्र पुन्हा दाखवण्याआधी प्रोप्रॅनोलॉल ही नॉरॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी, चित्रापाठोपाठ झटका बसतो हे त्यांना नीट आठवत होतं, पण दचकल्यावर डोळ्यांची होणारी उघडझाप वाढली नव्हती. पुढे इतरांना दर वेळी असाच निकाल मिळाला नाही, त्यामुळे अजून ही धसक्यावरची रुळलेली उपचारपद्धती झालेली नाही. ही गोळी आपल्या मनानं कुणी घेऊ नये, दमेकऱ्यांनी तर मुळीच नाही. आज भरवसा आहे तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होणाऱ्या सरावावर, आणि धसका कितीही वर्षांपूर्वीचा असला तरी तो सराव आजही सुरू करता येतो.