टीव्ही गेमला घड्याळ बसवलं त्याची गोष्ट

(यंदाच्या गणेशोत्सवात ‘सभासदांचे छंद’ या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. मध्ये माइक बंद पडला तेवढा भाग गाळला.)



सचिवकाका म्हणाले, “तुझ्या त्या गेमच्या खटपटीबद्दल दहा मिनिटं बोल, फार टेक्निकल नको.” थोडं होणारच. आणि शेवटी एक कबुली आहे. ती ऐकल्याशिवाय कोणी प्रसादाच्या रांगेकडे सरकू नका.

टेबलावर हे जे पिवळं पडलेलं मशीन आहे, ते ए विंगमधलं एक कुटुंब बदली होऊन गेलं तेव्हा सोसायटीला देऊन गेलं. मूळ मशीन निंटेंडो या जपानी कंपनीचं, फॅमिकॉम नावाचं. 15 जुलै 1983 ला ते जपानात विक्रीला आलं. आपल्याकडचं म्हणजे त्याची नक्कल. कॅसेटवर ‘9999 इन 1’ लिहिलेलं, आत खरे गेम मोजून पाच-सहा, बाकी तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून. पण 2001 च्या मे महिन्यात सोसायटीच्या ऑफिसात त्याच्यापुढे वीस पोरं बसलेली असायची.

नियम होता, दोघांनी अर्धा तास खेळायचं, मग पुढची जोडी. वेळ बघायला ऑफिसच्या कपाटावरचं चावीचं टेबलक्लॉक. मशीनला स्वतःला वेळ कळत नाही. त्यात घड्याळच नाही. तुम्ही म्हणाल, मारिओमध्ये वर कोपऱ्यात 400 पासून उलटे आकडे पडतात ते काय? ते सेकंद नव्हेत. टीव्हीवर 24 चित्रं गेली की एक आकडा कमी होतो. जपानी टीव्हीवर सेकंदाला 60 चित्रं, आपल्याकडे 50. म्हणून त्यांचे 400 आकडे 160 सेकंदांत संपायचे आणि आपले 192 सेकंदांत. आपला मारिओ चालायचाही तसाच, जरा निवांत.

गेल्या वर्षी ऑफिसचा माळा साफ करताना मशीन सापडलं. पॉवर सप्लाय बदलला, सुरू झालं. आठवडाभरात हल्लीची पोरं पाळीवरून भांडायला लागली. तेव्हा मला वाटलं, याला घड्याळच बसवावं. पडद्यावर वेळ दिसेल, अर्धा तास झाला की वाजेल, वाद नको.

पहिला प्रयत्न फुकटातला. सेकंदाला 50 चित्रं जातात, तर चित्रंच मोजायची, 50 झाली की एक सेकंद. प्रोग्राम लिहिला आणि मेमरी कार्ड लावता येणाऱ्या कॅसेटमध्ये टाकला. चाललं की! पण दुसऱ्या दिवशी बारा सेकंद पुढे. कारण चित्रं नेमकी 50 नसतात, 50.007 असतात. एवढासा फरक, पण रोज साठत जातो. आणि वीज गेली की सगळं शून्यावर. वीज गेल्यावर ज्याला वेळ आठवत नाही त्याला आपल्याकडे घड्याळ कोण म्हणेल?

मग लॅमिंग्टन रोडला जाऊन डीएस3231 नावाची चिप लावलेली छोटी पट्टी आणली. चिपमध्ये क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. या आकड्याचे निम्मे, त्याचे निम्मे असे 15 वेळा केले की बरोबर एक उरतो. तो आपला सेकंद. उन्हाळ्या-हिवाळ्यात स्फटिकाची चाल बदलते म्हणून ही चिप तापमान मोजून चूक सुधारत राहते. वर्षाला फार तर मिनिटभराचा फरक. वीज नसताना नाण्याएवढ्या सेलवर काही वर्षं चालते. घरी करून बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. या स्वस्त पट्ट्यांवर सेल चार्ज करायची सोय असते. साधा सीआर2032 सेल चार्ज करायचा नसतो, तो फुगतो, फुटूही शकतो. मी तो रेझिस्टर आधी काढून टाकला.

आता ही वेळ मशीनला सांगायची कशी? ही मला सगळ्यात आवडलेली गंमत. मशीन जॉयस्टिकला काय विचारतं? एका तारेवर “लक्ष द्या” म्हणतं, मग एकेक टिचकी मारतं आणि प्रत्येक टिचकीला एका बटणाची खबर घेतं. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आठ टिचक्या. मी दुसऱ्या जॉयस्टिकच्या जागी एक आर्डुइनो लावला. तो चिपला वेळ विचारतो आणि आठऐवजी 24 टिचक्यांत तास, मिनिटं, सेकंद सांगतो. मशीनला वाटतं कोणीतरी भराभर बटणं दाबतंय!

पहिल्यांदा पडद्यावर आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं आली. तारेवर बटण दाबलेलं म्हणजे शून्य असतं आणि मी एक पाठवत होतो. ते उलटवलं. तरी मधूनच एखादा आकडा चुकायचा, कारण मशीन फार घाईने विचारत होतं आणि आर्डुइनोला तेवढ्यात उत्तर जमत नव्हतं. विचारणारा प्रोग्रामही माझाच, त्याला म्हटलं, दमाने विचार. जमलं.

बायको म्हणाली, “दोनशे रुपयांचं भिंतीवरचं घड्याळ आणलं असतंस तर?” तिचं बरोबर आहे. पण भिंतीवरचं घड्याळ मागे करता येतं.

आता कबुली. 2001 च्या त्या मे महिन्यात सलग तीन दिवस, माझी पाळी असताना, मी कपाटावरचं घड्याळ रोज दहा मिनिटं मागे केलं. मी बारा वर्षांचा होतो. ते पुन्हा पुढे करायचं असतं हे डोक्यात आलंच नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी घड्याळ अर्धा तास मागे होतं. तेव्हा पाणी यायचं पाच ते सहा, आणि वॉचमनकाका त्याच घड्याळावर मोटर लावायचे. टाकी अर्धीच भरली. बी विंगमध्ये त्या दिवशी लग्नाचे पाहुणे उतरले होते. ज्येष्ठांना ती संध्याकाळ आठवत असेल.

चौकशी झाली. ऑफिसातून शेवटी बाहेर पडताना सी विंगमधला माझा मित्र दिसला होता, म्हणून आळ त्याच्यावर. त्याला सुट्टीभर गेमची बंदी. वॉचमनकाकांच्या पगारातून पन्नास रुपये कापले. मी तिथेच उभा होतो, बोललो नाही. मित्राने खेळायला खाली येणंच सोडलं, आणि शाळेत मला विचारायचा, “अरे, कोणी केलं असेल रे?”

वॉचमनकाका आता गावी असतात. गेल्या महिन्यात त्यांना फोन केला. आधी त्यांना गोष्टच आठवेना. मग म्हणाले, “पन्नास नव्हते, पंचाहत्तर होते.” ते पाठवले, वर थोडे जास्त. जास्तीचे त्यांनी परत केले.

मित्र शेवटून दुसऱ्या रांगेत बसलाय. त्याला मी परवाच सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग मशीन हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, “हे मागे करायचं बटण कुठंय?”

नाहीये. वेळ लावायची तर चार स्क्रू काढून लॅपटॉप जोडावा लागतो, आणि तो स्क्रूड्रायव्हर मी त्याच्याच घरी ठेवायला दिलाय.

आरतीनंतर मशीन ऑफिसात मांडतोय. पहिला अर्धा तास त्याचा आणि त्याच्या लेकीचा. बाकीच्यांनी वहीत नाव लिहा.