गच्चीवरचं विमान

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



कार्यक्रम समितीने मला 'संस्थेची पंचवीस वर्षे : हिशेबाच्या नजरेतून' असा विषय दिला होता. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार? पण ताळेबंद अहवालात छापलेला आहेच, आणि जेवणाचा वासही येऊ लागला आहे. तेव्हा मी आज वेगळ्याच विषयावर बोलणार आहे. घरी बनवलेल्या विमानावर. हसू नका. त्या विमानाचा आपल्या गच्चीशी संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

माझ्या हातात ही लाकडाची एक वस्तू आहे. हातभर लांब, पण वजन जवळजवळ नाहीच. मागच्या रांगेतून माशाच्या काट्यासारखी दिसत असेल. ही विमानाच्या पंखातली फासळी आहे. अकरा वर्षं माझ्या कपाटात आहे. ती माझ्याकडे कशी आली, तेही शेवटी.

फेब्रुवारी २०१६ ची गोष्ट. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला होता. तिथे एक छोटं, सहा आसनी विमान मांडलं होतं. ते कुठल्या कारखान्यातून आलं नव्हतं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर ते तयार झालं होतं. करणारे कॅप्टन अमोल यादव, आपले मराठी वैमानिक. गच्चीवरचं विमान सुटं करून खाली उतरवावं लागलं, मग प्रदर्शनात पुन्हा जोडलं. पेपरात फोटो पाहिला तेव्हा मी चहा घेत होतो. कप तसाच राहिला. का, ते कळेलच.

यादवांनी १९९८ च्या सुमारास हा उद्योग सुरू केला. विमानाची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे एकोणीस वर्षं. एवढ्यात बालवाडीतलं पोर पदवीधर होतं. उडवून पाहण्याचा परवाना २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर विमानाच्या उड्डाण-चाचणीचा पहिला टप्पा पार पडला.

मी कर्ज विभागात बरीच वर्षं होतो. समजा, हे गृहस्थ १९९८ साली माझ्या टेबलासमोर आले असते. कर्जाचे प्रयोजन : विमान. कामाची जागा : गच्ची. परतफेडीचा स्रोत : विमान उडाल्यावर पाहू. मी काय केलं असतं? चहा पाजला असता, तब्येतीची चौकशी केली असती आणि अर्ज परत दिला असता. आणि बँकेच्या नियमांप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं.

यादवांचं विमान धातूचं. पण घरी विमान करण्याची मूळ परंपरा लाकडाची आहे. राइट बंधूंचं दुकान सायकलींचं होतं. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं जे विमान उडालं ते स्प्रूस नावाच्या लाकडाचं आणि मलमलीसारख्या सुती कापडाचं. इंजिन साधारण बारा अश्वशक्तीचं, तेही दुकानातल्या मेकॅनिकने बनवलेलं. पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं, १२० फुटांचं. म्हणजे आपल्या गेटपासून पार्किंगच्या टोकापर्यंतसुद्धा नाही! त्याच दिवशी चौथ्या खेपेला ५९ सेकंद आणि ८५२ फूट झाले. पुढे १९४८ साली फ्रान्समध्ये जोडेल नावाचं एका माणसाचं लाकडी विमान निघालं. त्याचे नकाशे घेऊन हौशी लोकांनी घरोघरी विमानं केली. अजूनही करतात.

हे करतात कसं? मला लोखंड-लाकडातलं काही कळत नव्हतं. २०१६ नंतर मी वाचत गेलो, आणि आपल्या स्टेशन रोडवरच्या एका सुतारमिस्त्रींकडे बसून समजून घेतलं. पंखाच्या लांबीभर एक मुख्य दांडी असते, तिला स्पार म्हणतात. घराला जशी तुळई. सगळा भार तिच्यावर. तिच्यात ओवल्यासारख्या या फासळ्या बसवायच्या. फासळीचा आकार पाहा. वरून फुगीर, खालून सपाट, मागे निमुळती. हा आकार आणि वाऱ्याला पंखाचा किंचित वर उचललेला कोन, यांनी पंख हवा खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. सगळ्या फासळ्या सारख्याच हव्यात, म्हणून फळीवर एकदा आकार आखून, भोवती ठोकळे मारून साचा करतात. एकेक फासळी त्या साच्यात बारीक काड्या बसवून चिकटवायची. आपल्याकडे संक्रांतीला पतंगाच्या कामट्या तासून दोन्ही बाजूंचा तोल बघतात ना, तेच काम, फक्त चुकीला माफी नाही. मग वरून कापड ताणून बसवायचं आणि त्यावर रोगणाचे हात द्यायचे, की कापड ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं.

लाकूड निवडायचे नियम ऐकाल तर मुलगी बघायला गेलेले लोक बरे म्हणाल. स्पारच्या लाकडातली रेषा सरळ पाहिजे. पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरकी गेली की ती फळी बाद. वाढीची वलयं इंचाला किमान सहा. गाठ, चीर, राळेची पोकळी काही चालत नाही. आणि सांधा! प्रत्येक वेळी गोंद कालवला की त्याच गोंदाने दोन फालतू तुकडे जोडून ठेवायचे आणि वाळल्यावर मोडायचे. लाकूड फाटलं पाहिजे, सांधा सुटता कामा नये. सांधा सुटला, तर त्या गोंदाने त्या दिवशी केलेलं सगळं काम काढून टाकायचं. मला हे फार आवडलं. जोड लाकडापेक्षा मजबूत पाहिजे.

आता नियमांची बाजू. आपल्याकडे एक सवय आहे, सगळं खापर सरकारी कागदावर फोडायचं. मी कागदाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून सांगतो. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये आंरी मिन्ये नावाच्या गृहस्थांनी अगदी छोटं लाकडी विमान काढलं. ज्याला खोकं ठोकता येतं त्याला हे विमान करता येईल, असा त्यांचा दावा. पुस्तक निघालं, युरोपभर लोकांनी घरी ती विमानं केली. आणि मग माणसं मरायला लागली. विमान एका मर्यादेपलीकडे नाक खाली करून सुटलं की वर येईना. शेवटी ते वाऱ्याच्या बोगद्यात घालून तपासलं तेव्हा कळलं, पुढचा आणि मागचा पंख यांच्या मांडणीतच दोष होता. कारागिरांची चूक नव्हती. ज्यांनी प्रामाणिकपणे नकाशाबरहुकूम केलं, तेही गेले. तेव्हा तपासणारा माणूस हवाच. वरून कापड किंवा प्लायवूड चढवण्याआधी आतला सांधा दुसऱ्या कोणी डोळ्यांनी पाहिला पाहिजे, कारण नंतर तो कुणालाच दिसत नाही. म्हणून घरी विमान करणाऱ्याने रोजची वही ठेवायची, टप्प्याटप्प्याचे फोटो काढायचे. आमच्या भाषेत, व्हाउचर.

यावर कोणीतरी म्हणेलच, की १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं होतं. ही गोष्ट मलाही लहानपणापासून प्रिय आहे. पण नकाशा, मोजमाप, वही असं हातात धरण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाशी ही गोष्ट जोडतात, त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासून सांगितलं. तळपद्यांची धडपड खोटी होती असं मी म्हणत नाही. व्हाउचर नाही, एवढंच म्हणतो.

आणि विमान म्हणजे मुंबई-बंगळूरचं काम, आपण नगरकरांनी फक्त वर बघायचं, असंही नाही. आपल्या नगरच्या व्हीआरडीईचा एका विमान-इंजिनात वाटा आहे. 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी पंचावन्न अश्वशक्तीचं व्हँकेल इंजिन व्हीआरडीईने बंगळूरच्या संस्थांबरोबर मिळून तयार केलं, आणि २००९ मध्ये ते कोलारला आकाशात गेलं. दुसरं, 'रुस्तम-१' या वैमानिकरहित विमानाचा सांगाडा कशावरून आला? अमेरिकेतल्या बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी'वरून. आणि 'लाँग-ईझी' म्हणजे हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बनवायचं विमान! प्रा. रुस्तम दमानिया यांनी बंगळूरला त्यावर काम केलं, म्हणून नाव रुस्तम. सांगायचं असं, की मोठ्या संस्थेचं काम कधीकधी कुणाच्या तरी गॅरेजपासून सुरू होतं.

आता गच्चीकडे येतो.

२०११ साली मी या संस्थेचा सेक्रेटरी होतो. नुकताच निवृत्त झालेला. अंगात साहेबी होती आणि समोर टेबल नव्हतं. आपल्यातल्याच एका घरचा अकरावीतला मुलगा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, काहीतरी ठोकाठोक करत असे. खोक्यांच्या देवदारी फळ्या उभ्या चिरून त्याने काड्या केल्या होत्या. सहा-सात फुटांचा पंख आकाराला आला होता. दोन तक्रारी आल्या. एक दुपारच्या आवाजाची, एक वाळवणाला जागा नसल्याची. मी वर गेलो. त्याने मला काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला. "काका, हे बघा ना, सगळ्या फासळ्या सारख्या आल्यात." मी बघितलं नाही. खाली आलो आणि नोटीस लिहिली. गच्ची ही सामाईक जागा असून वैयक्तिक वापरास मनाई आहे, सात दिवसांत सामान हटवावे. मसुदा उत्तम होता. उपविधीत बसणारा होता. त्याच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी येऊन माफी मागितली.

ते लाकूड त्या वर्षी आपल्या होळीत गेलं. पंधरवड्यावर होळी होती, पोरं लाकडं गोळा करत होती, कोणीतरी देऊन टाकलं. मी नारळ टाकला त्या होळीत. तेव्हा काही वाटलं नाही.

तीन वर्षांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, तेव्हा टाकीमागे ही एक फासळी सापडली. गवंडी फेकून देणार होता. मी का ठेवून घेतली, सांगता येत नाही. आणि २०१६ ला पेपरात कांदिवलीच्या गच्चीचा फोटो आला.

मी नियम मोडायला हवा होता, असं मी म्हणत नाही. गच्ची सामाईकच आहे. पण नियम आणि नकार यांत फरक असतो. नियम सांगतो, कसं करायचं. चार ते सहा या वेळात कर, अमक्या कोपऱ्यात कर, मुलांना टाकीजवळ येऊ देऊ नकोस, वही ठेव, सांधा आधी दाखव. नकार नुसता म्हणतो, खाली उतर. मी नियमाच्या कागदावर नकार लिहिला. बँकेतही पुष्कळदा तेच केलं असेल. तिथे निदान अर्ज तरी वाचत होतो.

गेल्या महिन्यात मी त्या मुलाला फोन केला. तो आता पुण्याला एका कारखान्यात आहे. मी म्हटलं, तुझी क्षमा मागायची आहे. तो हसला. म्हणाला, "काका, ते उडालंच नसतं. गोंद साधा होता, पहिल्याच पावसात सांधे सुटले असते. शेपटीचा हिशेबही चुकला होता, ते मला डिप्लोमाला कळलं." मला बरं वाटलं, म्हणजे क्षणभर वाटलं. मग तो म्हणाला, "पण ते चुकलंय, हे मला गच्चीवरच कळायला हवं होतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. मीटर रूमशेजारची जुनी वॉचमनची खोली पाच वर्षं बंद आहे. तिथे एक टेबल, एक शिकंजा, एक चांगला दिवा ठेवावा. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. वेळा ठरवा, वही ठेवा, जबाबदार मोठा माणूस नेमा. नियम कडक करा, माझी हरकत नाही, मसुदा मीच लिहून देतो. टेबलाचा खर्च माझ्याकडे. विमान होईल असं नाही. रेडिओ होईल, खुर्ची होईल, बरंचसं फुकट जाईल. या वेळी मी वर जाऊन बघेन, एवढं नक्की.

ही फासळी आता पहिल्या रांगेपासून मागे फिरवतो. हातात घ्या, हलकी आहे, पण दाबू नका. सांध्याकडे नीट पाहा. चौदा वर्षं झाली, एक सुटलेला आहे, बाकीचे अजून धरून आहेत.

शेवटी ती माझ्याकडे परत करा. माझी नाही, ज्याची आहे त्याला द्यायची आहे. दिवाळीला तो येणार आहे.