नोकर कीं मक्तेदार?

दिवस मावळतीला आला म्हणजे बिडीच्या कारखान्यांत मोजणीची वेळ होई. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसलेले कामगार आपापला माल घेऊन पुढें येत. तपासणारा बिड्या उचली, बोटांनीं दाबून पाही, आणि ज्या सैल वळलेल्या किंवा फाटक्या पानाच्या वाटतील त्या बाजूला टाकी. ह्या टाकलेल्या मालाला ‘छाट’ म्हणतात. कामगाराच्या दृष्टीनें छाट म्हणजे बुडालेली मजुरी. परंतु ती वळणारा मनुष्य कारखान्याचा नोकर आहे कीं स्वतंत्र मक्तेदार आहे, ह्या वादांत ह्याच छाटीला पुढें भारताच्या सर्वोच्च न्यायालयांत मोठें महत्त्व आलें.

१९५५ च्या डिसेंबरांत नागपूरच्या एका कारखान्यांतील तीन कामगारांनीं पंधरा दिवसांची रजा मागितली व ते कामावर गेले नाहींत. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें कामगारास वर्षांतून कांहीं दिवस भरपगारी रजेचा हक्क दिलेला होता. त्या दिवसांचे पैसे चालकांनीं दिले नाहींत. तेव्हां तिघांनीं १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याच्या १५ व्या कलमाखालीं अर्ज केला. रक्कम थोडकीच होती, पण चालकांचें उत्तर थोडकें नव्हतें. ते म्हणाले, हे आमचे कामगारच नव्हेत. हे वाटेल तेव्हां येतात, वाटेल तेव्हां उठून जातात. मजुरी दिवसावर नाहीं, वळलेल्या बिड्यांच्या संख्येवर. बिडी अशी वळ, तशी वळ, असें सांगत कोणी त्यांच्याजवळ उभा राहत नाहीं. अशा माणसाला नोकर कसें म्हणावयाचें?

वरवर पाहतां हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण ह्या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही होती. तिघांची हजेरी मांडली जात असे. दुपार टळून गेल्यावर येणाऱ्याला त्या दिवशीं काम मिळत नसे. म्हणजे ‘वाटेल तेव्हां’ ह्या शब्दांचा अर्थ सकाळीं यावें नाहीं तर उपाशी राहावें, इतकाच होता. कारखान्याचे स्थायी आदेश त्यांना लागू होते, आणि परवानगीवांचून कांहीं दिवस गैरहजर राहिल्यास नांव कमी करण्याचा अधिकार चालकांनीं आपल्या हातीं ठेवलेला होता. मक्तेदाराची हजेरी कोण घेतो?

अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनीं तिघांना कामगार ठरवून मागणीचा कांहीं भाग मान्य केला. प्रकरण वर चढत गेलें, आणि १९६० च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच मत दिलें. न्यायमूर्ति वांच्छू यांच्या निकालपत्राचा आशय असा कीं, देखरेख सर्व धंद्यांत एकाच स्वरूपाची असूं शकत नाहीं. बिडी वळणें हें साधें काम. त्यांत क्षणोक्षणीं सूचना द्याव्या लागत नाहींत. तेथें दिवसाच्या अखेरीस खराब माल नाकारणें हीच देखरेख, आणि तेवढी पुरे. १९५६ सालीं धांगध्र्याच्या मिठागरांतील अगरियांच्या बाबतींतही ह्याच न्यायालयानें म्हटलें होतें कीं, काम कोणत्या रीतीनें व्हावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हें पाहावें. मजुरी वजनावर मिळते एवढ्यानें मनुष्य नोकर नाहींसा होत नाहीं.

येथें एक शंका निघते. बाजारांत आंबे घेणाराही डागी फळ परत करतो. म्हणून बागवाला त्याचा नोकर होत नाहीं. शंका रास्त आहे. १९५८ सालीं मध्यप्रदेशांतील सागरच्या खटल्यांत न्यायालयापुढें ‘सट्टेदार’ आले होते. ते कारखान्यांतून तंबाखू नेत, आपल्या जागीं स्वतः किंवा दुसऱ्यांकडून बिड्या करवीत आणि तयार माल आणून पोंचवीत. ते खरोखरीचेच मक्तेदार ठरले. छाट तेथेंही होती, पण हजेरी नव्हती. तेव्हां एकट्या छाटीनें निकाल लागत नाहीं. तिच्या जोडीला बाकीची दावण दिसावी लागते.

आणि ही दावण प्रत्येकाला सारखी दिसते असेंही नाहीं. नागपूरच्या निकालाला वर्ष होतें न होतें तोंच, १९६१ च्या ऑक्टोबरांत, महाराष्ट्रांतल्याच दुसऱ्या एका बिडी-कारखान्याचें प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें. प्रश्न पुन्हां रजेच्या वेतनाचाच. ह्या वेळीं तिघां न्यायमूर्तींपैकीं दोघांना त्या कामगाराच्या येण्याजाण्यावर बंधन दिसलें नाहीं, व त्यांनीं तो कायद्यानें ‘कामगार’ नव्हे असें ठरविलें. न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं भिन्न मत नोंदविलें. कायदेपंडितांस दोन्ही निकालांतील बारीक भेद दाखवितां येतो. सुपापुढें बसलेल्या माणसाला तो कसा उमगावा?

शिवाय मालकांनीं मध्यें एक मनुष्य उभा करण्याची युक्ति योजली होती. पान आणि तंबाखू त्याच्या हवालीं करावयाचीं, आणि कामगारांनीं पैसे मागितले कीं त्याच्याकडे बोट दाखवावयाचें. मद्रासकडील अशा एका प्रकरणांत १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा पडदा दूर केला: हे मध्यस्थ स्वतःच दरिद्री, मालकाचे केवळ हस्तक, खरे धनी कारखानदारच. अखेर १९६६ सालीं संसदेनें बिडी व सिगार कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला. घरीं कच्चा माल नेऊन बिड्या वळणाऱ्या बायकाही त्यानें कामगारांत धरल्या. कारखानदारांनीं त्याला आव्हान दिलें, पण १९७४ सालीं तो वैध ठरला.

‘तुम्ही आमचे नोकर नव्हेत’ हें वाक्य मात्र जुनें झालेलें नाहीं. दुचाकीवरून घरोघर जेवण पोंचविणाऱ्या तरुणास हल्लीं ‘भागीदार’ म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें ‘गिग कामगार’ ह्या नांवानें जो वर्ग सांगितला आहे, तो मालक-नोकर ह्या रूढ नात्याबाहेरचा म्हणूनच. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२१ च्या फेब्रुवारींत लंडनच्या टॅक्सीचालकांच्या दाव्यांत कराराच्या शब्दांपाशीं न थांबतां भाडें कोण ठरवितें, फेरी नाकारल्यास जाच कोण करतें, हें पाहिलें, व चालकांना किमान वेतन आणि भरपगारी रजा ह्यांचा हक्क दिला. रजाच पुन्हां!

भारतांत १९३६ चा कायदा जाऊन त्याच्या जागीं २०१९ ची वेतन-संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली आहे. पूर्वीच्या कायद्यांत दाव्याची मुदत प्रथम सहा महिने व पुढें एक वर्ष होती. आतां ती ३ वर्षें आहे. अर्ज कामगाराला स्वतः करतां येतो, किंवा तो ज्या नोंदलेल्या संघाचा सभासद असेल त्या संघाला करतां येतो. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या १० पटींपर्यंत भरपाई देववितां येते, आणि हुकूम होऊनही पैसे न मिळाल्यास ते जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होतात. वेतन दिलें हें सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे.

परंतु मालक हा मालकच होता, हें दाखविण्याची वेळ बहुधा अर्जदारावर येते, आणि दाव्याची खरी कसोटी येथेंच लागते. त्यासाठीं हजेरीचा कागद, माल जमा केल्याची चिठ्ठी, छाटीची नोंद, उशीर झाल्याबद्दल कापलेले पैसे, रजा नाकारल्याचा निरोप, हें सारें सांभाळून ठेवावें लागतें. ज्या अधिकारानें छाट काढली जाते, त्याच अधिकाराचा तो पुरावा असतो. आणि तो काम चालू असतांनाच गोळा करावा लागतो, कारण नांव कमी झाल्यावर कारखान्याचें पुस्तक कामगाराला पाहावयास मिळत नाहीं.